घसरण्याची मुभा

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले की अर्ध्या तासाच्या आत चिंचोळीची एमआयडीसी येते. ज्याचे तिथे काम नाही त्याला ती एसटीच्या खिडकीतून दिसते तेवढीच. पत्र्याच्या लांबलचक शेड, तारेची कुंपणे, फाटकावरचा पहारेकरी आणि शिफ्ट सुटली की रस्त्यावर येणारा मोटारसायकलींचा लोंढा. सोलापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला चादर आठवते, फार तर शेंगदाण्याची चटणी. पण इथून एक अशी वस्तू तयार होऊन जगभर जाते, की जिच्यावाचून पेट्रोलची किंवा डिझेलची गाडी जागची हलणार नाही. ती म्हणजे कॅमशाफ्ट.

१९९२ साली यतीन शहा यांनी सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी काढली. अक्कलकोट रस्त्यावर आणि चिंचोळीत तिचे कारखाने उभे राहिले, आणि फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई अशा बड्या कंपन्यांच्या इंजिनांत सोलापूरचा माल जाऊन बसला. कॅमशाफ्ट दिसायला अगदी साधा असतो. लोखंडाचा लांब दांडा आणि त्यावर ठरावीक अंतराने अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा इंजिनाची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, दाबून उघडतो, आणि पुढे सरकला की झडप मिटते. इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते आणि ५० वेळा मिटते. आपण डोळ्याची पापणी लववेपर्यंत तिची दहाएक वेळा उघडझाप होऊन गेलेली असते. उंचवट्याच्या आकारात केसाएवढी चूक झाली तरी इंजिन कुरकुरते. (विजेवरच्या गाडीला कॅमशाफ्ट लागतच नाही, आणि त्यामुळे पुढे काय होणार, हा चिंचोळीला आपल्यापेक्षा आधी पडलेला प्रश्न आहे. पण तो विषय निराळा.)

ज्या गावात इंजिनाचे काळीज घडते त्या गावाला मोटारींच्या शर्यतीचे वेड असलेच पाहिजे, असे काही नाही. हलवायाच्या घरी रोज जिलबी होत नाही. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. आपल्याकडच्या मुली आता हे भाग रेखाटतात, मोजतात, तपासतात, जोडतात. मग ते भाग ज्या वेगासाठी केलेले असतात, त्या वेगाला गाडी नेणारी मुलगी आपल्यात का दिसत नाही?

अगदीच दिसत नाही, असेही म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर पुण्याच्या डायना पंडोल हिने राष्ट्रीय मोटार शर्यतीत एमआरएफ सलून गटाचे विजेतेपद मिळवले. मोटारींच्या राष्ट्रीय स्पर्धेत असे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. शिक्षिका, दोन मुलांची आई. शर्यतीचे वेड वडिलांकडून आलेले. ते आता नाहीत, आणि आपला विजय तिने त्यांनाच अर्पण केला. जेके टायरने २०१८ साली स्त्रियांसाठी निवड आणि प्रशिक्षणाचा जो उपक्रम चालवला होता, त्यातून ती या खेळात शिरली. म्हणजे लग्न, मुले, नोकरी हे सगळे सांभाळून सहा वर्षांत राष्ट्रीय विजेती. मोटार शर्यत हा असा मोजक्या खेळांपैकी एक आहे, की ज्यात बायकांची स्पर्धा वेगळी आणि पुरुषांची वेगळी असा भेद मुळात नाही. सुटण्याच्या रेषेवर जे उभे असतील ते सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. २०२५ मध्ये तिच्या फेरारी क्लब चॅलेंज मिडल ईस्ट या मालिकेतल्या प्रवेशाची बातमी आली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले. साडी नेसलेली आई आणि हेल्मेट घातलेली चालक, अशी जोडचित्रेही आली. कौतुक झाले. पण तिच्या आधी एकही का नाही, हे कोणी फारसे विचारले नाही.

याचे उत्तर शोधताना मला जपानपर्यंत जावे लागले. जपानशी आपले नाते तसे घरगुतीच आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर फिरोदियांनी होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली. किक मारायची गरज नाही, गिअर नाही. बटण दाबले की चालू. त्याआधी १९७२ पासून लुना होतीच. मराठी मध्यमवर्गातल्या बाईला नवऱ्याच्या मागे एका बाजूला बसण्यापासून सोडवले ते या दोन गाड्यांनी, असे मी म्हटले तर स्त्रीमुक्तीच्या अभ्यासकांनी रागावू नये. त्यांनी केलेली जागृती मोठीच, पण जागृत झालेल्या बाईला बँकेत वेळेवर पोचायलाही काहीतरी हवे होते. मग सनी आली, स्कूटी आली. आज सोलापुरात सकाळी सात रस्त्याला उभे राहिले तर दुचाकी चालवणाऱ्या मुलींची संख्या सहज नजरेत भरते.

तर जपान. तिथे केइको इहारा नावाची बाई आहे. १९७३ चा जन्म. शिकत असताना ती मॉडेलिंग करी, आणि त्यातूनच शर्यतीच्या मैदानावर ‘रेस क्वीन’ म्हणून उभी राहू लागली. रेस क्वीन म्हणजे नटूनथटून, प्रायोजकाच्या नावाची छत्री घेऊन चालकाच्या डोक्यावर सावली धरणारी मुलगी. जपानी शर्यतींतला हा मानाचा आणि कमाईचा व्यवसाय आहे. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण ही मुलगी छत्री धरता धरता गाडीकडे पाहू लागली. ज्या वयात इतर चालकांच्या मागे दहा-पंधरा वर्षांचा गो-कार्टिंगचा अनुभव असतो, त्या वयात, म्हणजे पंचविशीत, तिने सुरुवात केली. १९९९ मध्ये ती फेरारी चॅलेंजमध्ये उतरली, मग युरोपात जाऊन फॉर्म्युला गाड्या चालवल्या आणि २०१२ मध्ये ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत ती जागतिक दर्जाच्या चालकांबरोबर पाळीपाळीने गाडी हाकत होती. चोवीस तास म्हणजे रात्रीचा अंधार, पहाटेचे धुके, कदाचित पाऊस, आणि शेजारून आपल्यापेक्षा वेगवान गाड्या सतत सुसाट जात असलेल्या.

पण तिच्या आयुष्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग पुढेच आहे. जून २०१८ मध्ये निस्सान या बलाढ्य मोटार कंपनीने इहाराला संचालक मंडळावर बाहेरचा सदस्य म्हणून घेतले. तिला तिथे बसून पाच महिने होतात न होतात तोच कंपनीचे सर्वेसर्वा कार्लोस घोन यांना टोकियोत अटक झाली. सगळ्या उद्योगजगतात खळबळ. मंडळाने घोन यांना अध्यक्षपदावरून दूर केले, आणि नवा अध्यक्ष सुचवण्याची जबाबदारी ज्या तीन बाहेरच्या संचालकांवर टाकली त्यांत एक इहारा होती. छत्री धरणारी मुलगी ते मोटार कंपनीचा अध्यक्ष सुचवणारी बाई! कादंबरीत लिहिले असते तर संपादकांनी ‘जरा अतिशयोक्ती होते आहे’ म्हणून परत पाठवले असते.

आता कोणी म्हणेल, एखादी इहारा कुठेही निघते. बरोबर आहे. म्हणून जपानमधली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मासानोरी सेकिया हा ल मांसची शर्यत जिंकणारा पहिला जपानी चालक, साल १९९५. त्याने २०१७ मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याच्या ट्रॅकवर केवळ स्त्रियांसाठी ‘क्योजो कप’ ही मालिका सुरू केली. सगळ्यांना सारख्याच, लहान आणि तुलनेने स्वस्त गाड्या. बापाकडे जास्त पैसे आहेत म्हणून मुलीची गाडी जास्त पळणार, हा प्रश्न निकालात. या मालिकेत पहिल्या दोन वर्षी अजिंक्य ठरलेली मिकी कोयामा पुढे पुरुषांबरोबरच्या शर्यतीत उतरली आणि २०२२ मध्ये जपानच्या फॉर्म्युला रीजनल स्पर्धेत विजेती झाली. अठरा वर्षांची जुजू नोडा २०२४ मध्ये सुपर फॉर्म्युलात आली, म्हणजे जपानमधल्या सगळ्यात वरच्या पायरीवर. त्या पायरीवर चढलेली ती पहिली जपानी मुलगी. तिचे वडील हिदेकी नोडा यांनी १९९४ मध्ये फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती केल्या होत्या.

बायकांसाठी वेगळी शर्यत असावी का, यावर जगभर वाद आहे. युरोपात २०१९ मध्ये सुरू झालेली डब्ल्यू सीरीज २०२२ मध्ये पैशाअभावी बंद पडली. लगोलग २०२३ मध्ये फॉर्म्युला वननेच मुलींसाठी अकादमी काढली. वेगळा डबा म्हणजे कमीपणा, असे पुष्कळ चालक मुलीच म्हणतात. त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण मुंबईच्या लोकलला बायकांचा डबा नसता तर किती जणी नोकरीला पोचल्या असत्या, याचा विचार आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तरी करावा. डब्यात चढण्यापुरता वेगळा, उतरल्यावर स्टेशन सगळ्यांचे एकच. कोयामाचे तेच झाले.

जपानने जगाला आणखी एक खेळ दिला, आणि आज जे सांगायचे आहे ते खरे तर त्या खेळामुळे सुचले. त्याचे नाव ड्रिफ्टिंग. ड्रिफ्टिंग म्हणजे गाडी मुद्दाम घसरवणे. वळणावर मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड सोडवायची. गाडी आडवी होते, तोंड एकीकडे आणि धाव दुसरीकडे. चालक स्टीअरिंग उलट दिशेला फिरवून आणि अॅक्सिलरेटर कमीजास्त करत ती घसरण हवी तितकीच ठेवतो. चाकांतून पांढऱ्या धुराचे लोट, टायरचा किंचाळण्याचा आवाज. जपानच्या घाटरस्त्यांवर रात्री चोरून चालणारा हा प्रकार केइची त्सुचिया या चालकाने नावारूपाला आणला, आणि २००१ पासून ‘डी-वन ग्रां प्री’ या नावाने त्याची रीतसर मालिका सुरू झाली. एरवीच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते. इथे मल्लखांबासारखे परीक्षक गुण देतात: गाडीची रेषा कशी होती, कोन किती होता, वेग टिकला का. पुढे दोन गाड्या जोडीने सोडतात. पुढची घसरते, मागचीने तिच्या दाराला जवळजवळ चिकटून तशीच घसरत जायचे. या खेळातही जपानी बायका उतरल्या आहेत, आणि सर्किटवरची शर्यत आणि ड्रिफ्टिंग दोन्ही करणाऱ्याही आहेत.

ड्रिफ्टिंग शिकणाऱ्याची पहिली कित्येक तासांची कमाई एकच असते. गाडी भिंगरीसारखी गरगरते. पुन्हा सरळ करायची, पुन्हा घसरवायची, पुन्हा गरगर. टायर झिजतात, क्लच जळतो, दिवे फुटतात. घसरण ताब्यात येते ती शेकडो वेळा ताब्याबाहेर गेल्यानंतर. सर्किटवरच्या शर्यतीचेही तेच. ब्रेक कुठे लावायचा हे पुस्तकातून कळत नाही. एकदा उशिरा लावून, ट्रॅक सोडून मातीत जाऊन कळते. चुकण्याची मुभा ही या खेळाची खरी फी आहे, आणि ती फी कुणीतरी भरावी लागते.

आता आपल्या घरात या. मुलगा पहिल्यांदा मोटारसायकल शिकतो आणि आडवा होतो. गुडघे फुटतात, इंडिकेटर मोडतो. बाप दोन शिव्या हासडतो आणि मग म्हणतो, ‘पडल्याशिवाय गाडी येत नसते.’ शेजारचे काका हसून दुजोरा देतात, आपण कुठे कसे पडलो होतो त्याची हकिगत सांगतात. मुलगी पहिल्यांदा स्कूटीवरून पडते, तेव्हा ते वाक्य तिच्या वाट्याला येत नाही. ‘तरी सांगत होते, जपून चालव म्हणून.’ पुढचा आठवडाभर किल्ली कपाटात. आणि चेहऱ्याला लागले असेल तर आजीचा सुस्कारा वेगळाच, त्यामागची काळजीही वेगळीच. मुलीला आपण गाडी देतो, पेट्रोलला पैसे देतो, परवाना काढून देतो. फक्त पडायची परवानगी देत नाही. ‘जपून जा गं’ हे तीन शब्द मराठी घरातली प्रत्येक मुलगी उंबरठा ओलांडताना ऐकते. त्यात माया आहे, हे खरे. पण रोज, वर्षानुवर्षे ऐकलेली माया हातात उतरते. मग वळणावर वाळू आली की त्या हातांना एकच गोष्ट सुचते: करकचून ब्रेक.

जपानकडून गाडी घेतली आणि तिच्यावर आपले ‘जपून’ लिहिले, असे गमतीने म्हणता येईल.

हे ‘जपून’ घरापुरते राहिले नाही, कायद्यातही आले. १९४८ च्या कारखाना कायद्यातील ६६ व्या कलमाने स्त्रियांना संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कारखान्यात कामाला मनाई केली होती. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की तिन्ही शिफ्टमध्ये फिरणाऱ्या कामगाराला जे शिकायला मिळते, रात्री अडीचला यंत्र बिघडल्यावर वरिष्ठ घरी झोपलेले असताना स्वतःच्या डोक्याने जे करावे लागते, ते बायकांच्या वाट्याला आले नाही. ती बंदी पुढे सैल होत गेली. १९७४ मध्ये सुधा कुलकर्णी या तरुण इंजिनिअर मुलीने ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ अशी टेल्कोची जाहिरात वाचून थेट जेआरडी टाटांना कार्ड पाठवले आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली, ही सुधा मूर्तींची गोष्ट आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. त्याच उद्योगाच्या पुण्यातल्या कारखान्यात आता मोटारी जोडणारी अख्खी रांग स्त्रिया चालवतात. कर्वे शिक्षणसंस्थेच्या कमिन्स महाविद्यालयातल्या मुली तर ‘बाहा’ या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी स्वतः वेल्डिंग करून गाडी बांधतात आणि तीच गाडी खड्ड्याखाचांतून पळवतात. त्यांच्या हातावरचे ठिणग्यांचे डाग पाहून कुठल्या आईचा जीव वरखाली होत नसेल? तरी त्या माता गप्प राहिल्या, हे त्यांचे मोठेपण.

सोलापूरलाही असा एक दिवस लाभला आहे. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला निघालेली वंदे भारत सुरेखा यादव यांनी चालवत नेली. साताऱ्याकडच्या या बाई १९८० च्या दशकाच्या शेवटी रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. मालगाडी, लोकल, घाटातली इंजिने, डेक्कन क्वीन असा सगळा प्रवास करून त्या वंदे भारतपर्यंत आल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. एसटीला मात्र पहिली महिला चालक प्रत्यक्ष रस्त्यावर आणायला २०२३ साल उजाडले. सासवड ते नीरा. गाडीत बसलेल्या प्रवाशांनी पहिल्या वळणाला काय पकडले असेल, दांडी की देव, कुणास ठाऊक. गाडी वेळेवर पोचली.

शर्यतीतल्या भारतीय मुलींकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. चेन्नईची अलिशा अब्दुल्ला ही मोटारसायकल शर्यतीतल्या राष्ट्रीय विजेत्याची मुलगी. वडोदऱ्याच्या मीरा एर्डाच्या वडिलांचा गो-कार्टचा ट्रॅक होता. जुजू नोडाचे वर आलेच आहे. यांच्या मेहनतीला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण या घरांत ‘पडल्याशिवाय गाडी येत नसते’ हे वाक्य मुलीलाही मिळाले, कारण ते म्हणणारा बाप स्वतः पडलेला होता. बंगळुरूची ऐश्वर्या पिस्से २०१८ मध्ये स्पेनमधल्या शर्यतीत पडली, स्वादुपिंडाला गंभीर दुखापत झाली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, ती बाहा विश्वचषकाच्या महिला गटात विजेती झाली. त्या मधल्या महिन्यांत तिच्या घरात काय बोलणे झाले असेल, याची कल्पना करून पाहा. आपल्या घरात झाले असते ते बोलणेही आठवून पाहा.

यावर वाचक काय म्हणतील, हे मला ठाऊक आहे. एक, हा श्रीमंतांचा खेळ. हो, आहे. फेरारी काही सोलापूरच्या नव्या पेठेत हप्त्याने मिळत नाही, आणि प्रत्येक मुलीने शर्यतीत उतरावे असे कोणी म्हणत नाही. महाराष्ट्रात मुलांना तरी या खेळात काय मिळते? राष्ट्रीय दर्जाच्या शर्यतीसाठी आपल्याला चेन्नईला, कोइमतूरला नाहीतर दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला जावे लागते. सबंध देशाला मोटारी पुरवणारे राज्य, आणि ही अवस्था. कोल्हापूरने गो-कार्टचा ट्रॅक बांधून तरुण चालक घडवले, हे त्यातल्या त्यात बरे. कुस्तीच्या मातीतल्या गावाला पडण्याची भीती नसते म्हणून असेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. रस्त्यावर रोज माणसे मरताहेत आणि तुम्ही पोरींना गाडी घसरवायला शिकवा म्हणता? याला मी नेमके उलटे उत्तर देईन. रस्त्यावर गाडी घसरवणाऱ्याला, मग तो मुलगा असो की मुलगी, पोलिसांनी उचललेच पाहिजे. हमरस्त्यावर स्टंट करणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण पावसाच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून जो चिखलाचा पातळ थर होतो, त्यावर गाडी घसरते ती काही मुभा मागून घसरत नाही. अशा वेळी काय करायचे, हे आपल्याला कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलने शिकवले आहे? आठाचा आकडा काढला, चढावर गाडी थांबवली, परवाना मिळाला. चाके जाम झाली की स्टीअरिंग वळवून उपयोग नसतो, म्हणून पाय ब्रेकवरून सैल करायचा. घसरताना नजर ज्यावर आदळू अशी भीती वाटते त्या झाडावर न ठेवता जिथून निसटायचे त्या मोकळ्या जागेवर ठेवायची, कारण हात नजरेमागे जातात. ही शर्यतीच्या चालकांची अगदी बाळबोध शिकवण आहे. ऐकायला सोपी. पण बंद मैदानावर वीस वेळा गरगरल्याशिवाय अंगात मुरत नाही. अपघाताच्या क्षणी आठवण्याइतका वेळ नसतो, तेव्हा हात जे शिकलेले असतात तेच करतात.

म्हणून मागणी फार मोठी नाही. सर्किट नको, फेरारी नको. चिंचोळीसारख्या वसाहतीत एखादे मोकळे, काँक्रीट केलेले, चहूबाजूंनी कुंपण असलेले आवार सुटीच्या दिवशी काही तास मिळावे. तिथल्या कारखान्यांना सामाजिक कामासाठी कायद्याने बाजूला ठेवावे लागणारे पैसे असतात. वह्या-दप्तरे वाटून झाल्यावर उरतील त्यांतले थोडे पुरेत. एक जुनी मारुती, चालू स्थितीतली. चांगले पट्टे, हेल्मेट, आणि शर्यतीत उतरलेला एखादा शिक्षक पुण्याहून वा कोल्हापूरहून. परदेशात अशा सरावाला जमीन पाण्याने भिजवून निसरडी करतात. पण सोलापुरात, जिथे नळाला कितव्या दिवशी पाणी येणार याची चर्चा घरोघर चालते, तिथे टँकरभर पाणी जमिनीवर ओतायला निघालेल्या माणसाला लोक जागेवरच ठेवतील, आणि ते योग्यच. त्याचीही सोय आहे. मागच्या दोन चाकांवर कडक प्लॅस्टिकची कडी चढवली की कोरड्या काँक्रीटवरसुद्धा गाडी साबणावर ठेवल्यासारखी घसरते, तीही सायकलच्या वेगाला. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी चालते. जे गाव केसाच्या अचूकतेने कॅमशाफ्ट घासते त्याला प्लॅस्टिकची दोन कडी करणे अवघड नाही.

फक्त एक सुचवावेसे वाटते. पहिल्या दिवशी मुलींना गाडी देऊ नये. आधी त्यांच्या आयांना बसवावे. कायनेटिक होंडावरून शाळेत पोचवणाऱ्या, गाडीला आयुष्यात ओरखडा येऊ न दिलेल्या त्या बायकांना पट्टा बांधून स्टीअरिंगमागे बसवावे आणि शिक्षकाने सांगावे, आता हिला गरगर फिरवा. मुली मागच्या सीटवर पट्टे बांधून बसतील, आणि पहिल्या वळणाला त्यांच्यातली एखादी ओरडेलच: ‘आई, जपून!’